शिडाच्या होडींतील लांकूडकाम व त्याचें रोगण

आजऱ्यासारख्या घाटमाथ्यावरील गांवच्या मनुष्यानें समुद्रावरील होडीच्या रोगणाविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं कांहींसें चमत्कारिक वाटेल. आमच्या गांवाला हिरण्यकेशी नदी आहे. परंतु तिच्यांत शीड उभारून कोणी गेल्याचें मीं ऐकिलेलें नाहीं. तथापि शिडाच्या होडींतील निजण्याची खोली आणि आजऱ्याचें जुनें कौलारू घर हीं एका बाबतींत सख्खीं भावंडें आहेत. दोहोंच्या आंत ऊन शिरत नाहीं, वारा हवा तितका खेळत नाहीं, आणि वर्षांतील चार महिने दोहोंतील लांकडास ओल्या हवेंत मुकाट्यानें बसून राहावें लागतें. जवळच्या आंबोलीस वर्षाकांठीं सरासरी सुमारें सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्या ढगांचें शेपूट आमच्या डोक्यावरून जातें. आषाढांत आमच्याकडे कपाटाचें दार फुगून अडतें, चामड्याच्या वहाणांवर पांढरी बुरशी चढते, आणि मीठ बरणींतल्या बरणींत पाझरतें. होडीच्या खोलींत हेंच सारें घडतें. अधिक इतकेंच, कीं तेथील हवेंतच मीठ असतें. तें एकदां लांकडावर बसलें, कीं ओल ओढून घेत राहतें, आणि गोड्या पाण्यानें पुसून काढल्यावांचून तें लांकूड मनाजोगें वाळत नाहीं.

शिडाची होडी म्हणजे कोळ्यांची किंवा साहेबांच्या क्लबांतली, अशी समजूत आपल्या पांढरपेशा घरांत पुष्कळ दिवस होती. आतां ती उरण्याचें कारण नाहीं. कमांडर दिलीप दोंदे यांनीं 2009–10 सालीं गोव्यांत बांधलेल्या ‘म्हादई’ या शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली; असें करणारे ते पहिले भारतीय. त्याच नौकेंतून 2012–13 सालीं अभिलाष टॉमी यांनीं कोठेंहि न थांबतां ती प्रदक्षिणा पुरी केली. पुढें 2017–18 सालीं ‘तारिणी’ नौकेंतून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालीं जगाला वळसा घालून आल्या. अशा वार्ता वाचून ज्यांना समुद्राची ओढ लागली त्यांतलाच एक माझा मावसभाऊ.

त्यानें वेंगुर्ल्याच्या बाजूस सव्वीस फुटांची एक होडी बांधून घेतली. बाहेरचें अंग फायबरग्लासचें. परंतु आंतील सर्व काम लांकडाचें. निजावयाच्या दोन फळ्या, त्यांखालील पेट्या, एक घडीचें मेज, चहा करण्यापुरता कोपरा, आणि वर चढावयास चार पायऱ्यांची शिडी. लांकूड आजऱ्याहून गेलें, तें फणसाचें. फणस ताजा कापला असतां हळदीसारखा पिवळा दिसतो व वर्षानुवर्षें मुरत तांबूस तपकिरी होतो. आमच्याकडील जुन्या घरांचीं दारें व देव्हारे यांत तो हटकून सांपडतो. पायऱ्यांना तेवढा साग घेतला. लांकूड मीं निवडून दिलें होतें, म्हणून रोगणहि मींच सांगावें असें ठरलें. आणि मीं मोठ्या आत्मविश्वासानें लाखेचें पॉलिश सांगितलें.

माझ्या या सल्ल्यास आधार नव्हता असें नाहीं. लाख ही आपली जुनी वस्तु. पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या कोंवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या बारीक किड्यांच्या अंगांतून ती स्रवते. ती धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे काढले म्हणजे चपडा होतो, आणि चपडा स्पिरिटांत विरघळविला म्हणजे पॉलिश. घाट उतरून सावंतवाडीस गेलें, कीं लाखकामाचीं लांकडी खेळणीं दिसतात. तेथें तर स्पिरिटहि लागत नाहीं. कांतकामाच्या चरकावर लांकूड फिरत असतां त्याला लाखेची रंगीत कांडी टेंकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून लांकडावर बसते, आणि वर केवड्याचें पान दाबून धरलें, कीं तिला आरशासारखी झळाळी येते. लाखेचें पॉलिश अर्ध्या तासांत वाळतें, त्याला पुढें वास राहत नाहीं, आणि लांकडाचा रंग खुलतो. बंद खोलींत निजावयाचें असतां वास नसणें हा लहानसहान गुण नव्हे; ज्यांना बोट लागते त्यांना विचारावें. सुताराचा तर तो हातखंडा. कापसाचा बोळा मलमलीच्या फडक्यांत बांधून त्यानें तो अशा कांहीं सफाईनें फिरविला, कीं मार्गशीर्षांत ती खोली एखाद्या नव्या सतारीसारखी दिसूं लागली.

मृगाच्या दुसऱ्या आठवड्यांत मावसभावाचा फोन आला. “दादा, फळी मला सोडीत नाहीं!” वादळाच्या भीतीनें तो राखणीस होडींतच निजला होता, आणि गादी भिजल्यामुळें नुसत्या फळीवर. दमट उष्म्यानें व घामानें पॉलिश मऊ होऊन त्याची उघडी पाठ तिला चिकटली होती. श्रावणांत मी स्वतः जाऊन पाहिलें. जेथें जेथें वरून थेंब गळले होते तेथें पांढरे चट्टे, चहाच्या किटलीखालीं पांढरें वर्तुळ, मेजावर पेल्यांच्या बुडांच्या आंगठ्या. लाखेला पाणी लागलें कीं ती पांढुरकी पडते व उष्णतेनें मऊ होते, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. आमच्या माजघरांत पाण्याचीं भांडीं ज्या फळीवर ठेवितात ती दर पावसाळ्यांत अशीच पांढरी होते. तरी मीं तो सल्ला दिला, कारण रोगण मीं दिवाळीच्या हवेंत बसून निवडलें होतें.

आतां पाण्याला मुळींच न भिणारें कांहीं हवें, या भरांत मीं दुसरी चूक केली. ती पहिलीपेक्षां वाईट.

आजरा व चंदगड या तालुक्यांत काजू पुष्कळ. पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून गोव्यास आणलेलें हें झाड घाट चढून आमच्याकडे स्थिरावलें, आणि आतां काजू फोडण्याचे लहानमोठे कारखाने आमच्या भागांत ठिकठिकाणीं आहेत. काजूच्या बीच्या जाड टरफलांत एक काळसर, चिकट, दाहक तेल असतें. पश्चिम किनाऱ्यावरचे कोळी होडीच्या फळ्यांना व जाळ्यांना हें तेल लावीत आले आहेत. पाणी व कीड या दोहोंनाहि तें दाद देत नाहीं. वस्तु गांवची, स्वस्त, आणि समुद्राची परीक्षा दिलेली! मीं डबाभर तेल घेतलें आणि पेट्यांच्या आंतील बाजूस लावण्यासाठीं सुताराच्या मदतनिसाच्या हातीं दिलें. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा. त्याला हातमोजे देण्याचें मला सुचलें नाहीं. काजू फोडणाऱ्या बायका हातांना राख किंवा तेल चोळून कामास बसतात, हें मी लहानपणापासून पाहत आलों आहें. पण पाहिलेली गोष्ट वेळेवर आठवेलच असें नसतें. तिसऱ्या दिवशीं त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले, डोळे सुजले, आणि पंधरा दिवस त्याला रंधा धरतां आला नाहीं. औषधाचा खर्च व बुडालेली मजुरी मीं दिली. त्यानें मला एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं, हें मला अधिक लागलें.

आंबा, काजू आणि बिब्बा हीं एकाच कुळांतील झाडें. बिब्बा उतणें आपल्या घरांत सर्वांस माहीत आहे. आंब्याच्या चिकानें तोंडाभोंवतीं पुळ्या येतात, तो दाहहि त्याच जातीचा. जपानांतील ‘उरुशी’ नांवाचें प्रसिद्ध रोगणकाम ज्या झाडाच्या चिकापासून करितात तेंहि याच कुळांतलें, आणि तेथील शिकाऊ कारागिरांच्या हातांनाहि हा प्रसाद मिळतोच. काजूच्या टरफलांतील तेलाचें मुख्य द्रव्य ॲनाकार्डिक आम्ल होय. तें तापविलें, कीं त्यांतून कार्बन डायऑक्साइड वायु निघून जाऊन कार्डेनॉल उरतें, व त्याचा फॉर्मॅल्डिहाइडाशीं संयोग घडवून पाणी, आम्ल व उष्णता यांस चांगलें तोंड देणारें रोगण तयार करतां येतें. जपानांत गेल्या शतकाच्या मध्यापासून उरुशीऐवजीं काजूचें असें रोगण पुष्कळ वापरतात. तेव्हां दोष काजूचा नव्हे. कच्चें तेल आणि त्यापासून सिद्ध केलेलें रोगण यांतील भेद विसरला तो मी. शिवाय त्या रोगणाची मूळ छटा गडद तपकिरी. फणसाचा पिवळा रंग तिच्याखालीं बुडून जातो आणि मुळांतच अंधाऱ्या खोलीची गुहा होते.

या दोन फजित्यांनंतर मीं प्रश्न उलटा धरला. कोणतें रोगण अधिक टिकतें, असें विचारलें, कीं दुकानदार डबा पुढें करतो आणि डब्यावर सर्व गुण छापलेलेच असतात. त्याऐवजीं, हें रोगण बिघडेल तेव्हां कसें बिघडेल, असें विचारावें. होडीच्या आंत तें केव्हां तरी बिघडणार हें निश्चित. तो बिघाड डोळ्यांना लवकर दिसतो काय, तेवढ्याच जागेपुरता राहतो काय, आणि होडीचा धनी स्वतःच्या हातानें एका दुपारीं तो दुरुस्त करूं शकतो काय? हे प्रश्न विचारल्यावर बाजारांतील बहुतेक डबे आपोआप मागें सरले.

डोलकाठीला व बाहेरच्या लांकडाला जें रोगण लावतात त्यांत राळेच्या मानानें तेल पुष्कळ असतें. उन्हापावसानें लांकूड फुगतें, आकसतें. त्याबरोबर ताणलें जाण्याचा लवचिकपणा रोगणास हवा असतो. शिवाय सूर्यप्रकाशांतील डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण शोषून घेणारीं द्रव्यें त्यांत घालतात व त्यामुळें तें महाग पडतें. आंत ऊनच नाहीं, तेव्हां हा खर्च व्यर्थ. उलट फार तेलाचें रोगण मऊ राहतें, बसण्याउठण्यानें झिजतें, आणि त्याचा वास फार दिवस जात नाहीं.

आजकाल घरोघरीं फर्निचरला पॉलियुरेथेन लावतात. तें कठीण असतें, ओरखड्यास जुमानीत नाहीं. होडींतील पायाखालच्या फळ्यांना मी तेंच सांगेन. परंतु त्याची बिघडण्याची तऱ्हा लबाडीची आहे. एखाद्या स्क्रूच्या भोंकांतून किंवा फळीच्या कापलेल्या टोंकाकडून पाणी आंत शिरलें, तरी वरचा पापुद्रा तसाच चकचकीत राहतो आणि खालीं लांकूड काळें पडत जातें. उमगेपर्यंत तळहाताएवढा पापुद्रा सुटून येतो. नवा थर जुन्यावर नीट धरत नाहीं म्हणून सारें खरडावें लागतें. त्यांतील जी जात दोन द्रव्यें एकत्र करून लावावयाची असते तिच्यांत आयसोसायनेट असतें, आणि बंद खोलींत तें श्वासावाटे गेलें तर दमा जडूं शकतो. इपॉक्सी ओल अडविण्यांत फार चांगली. फळ्यांचीं टोंकें व न दिसणाऱ्या पाठी यांना तिचा थर द्यावा.

नुसतें उकळविलेलें जवसाचें तेल लावावें, असें सांगणारे भाविकहि भेटतात. कोरड्या देशांत तें चालत असेल. आमच्या हवेंत जवसाचें तेल म्हणजे बुरशीला नैवेद्य. दोरीनें शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका 2025 सालीं आपल्या नौदलांत दाखल झाली. तिच्या फळ्यांच्या सांध्यांसाठीं जुन्या रीतीप्रमाणें काथ्या, राळ व तेल यांचाच उपयोग केला, असें त्यावर कोणी मला ऐकविलें. खरें आहे, पण तें सांधे बुजविण्याचें काम, आणि जुन्या काळीं तें वरचेवर नव्यानें करण्याचा परिपाठ होता. निजावयाच्या फळीला दर दोन महिन्यांनीं तेल कोण चोळणार?

राहिलें तें मध्यम तेलाचें, जुन्या धाटणीचें रोगण. राळ, शिजविलेलें तेल आणि टर्पेंटाईन, बस्स. तें वाळण्यास रात्र लागते, कांहीं दिवस वास येतो, आणि कालांतरानें तें पिवळें पडतें. परंतु अंगाच्या उष्णतेनें तें मऊ होत नाहीं, पाण्याच्या थेंबानें सहसा पांढरें पडत नाहीं. बिघडतें तेव्हां प्रथम त्याचें तेज जातें, मग कडेला बारीक भेग दिसते. तेवढी जागा घासून दोन थर दिले, कीं जोड ओळखूं येत नाहीं. पिवळेपणाचें म्हणाल, तर फणसावर ती मधासारखी छटा शोभतेच.

चकाकीचा प्रश्न वेगळा. नवख्या धन्याला सर्वत्र आरसा हवासा वाटतो; पण लहानशा खोलींत चारी बाजूंनीं लखलखाट झाला, कीं डोळे शिणतात व प्रत्येक ओरखडा चहाडी सांगतो. मंद चकाकीच्या रोगणांत सिलिकेची बारीक पूड मिसळलेली असते. त्याचेच थरावर थर दिले तर लांकडाच्या रेषा धुरकट दिसतात; म्हणून खालचे थर पूर्ण चकाकीचे द्यावे व शेवटचा तेवढा मंद. सर्वच लांकूड उघडें ठेवण्याचा हट्टहि नसावा. नॅथॅनिएल हेरेशॉफ (1848–1938) हे अमेरिकेंतील विख्यात नौकारचनाकार. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी तऱ्हा अशी, कीं खोलीच्या भिंती पांढऱ्या आणि कडा, पट्ट्या, चौकटी तेवढ्या रोगण दिलेल्या लांकडाच्या. मावसभावाच्या पत्नीनें तसें एक चित्र पाहतांच निकाल दिला, “भाऊजी, फणस दिसूं द्या, पण मला आंत बसून वाचतांहि आलें पाहिजे.” भिंती पांढऱ्या झाल्या.

कामाची हकीकत थोडक्यांत सांगतों. जुनें पॉलिश स्पिरिटानें धुऊन व खरडून काढलें. काजूचें तेल लागलेल्या फळ्या मात्र घासल्या नाहींत, सरळ बदलल्या. ती धूळ पुन्हां कोणाच्या अंगावर उडावयास नको होती. दसऱ्यानंतर सर्व झडपा उघड्या ठेवून लांकूड वाळूं दिलें. लांकडांतील ओल मोजण्याचें लहानसें यंत्र मिळतें. त्याचा आंकडा शेंकडा पंधराच्या खालीं उतरेपर्यंत ब्रश उचलला नाहीं. सागाच्या पायऱ्या रोगणापूर्वीं थिनरच्या फडक्यानें पुसल्या, कारण सागाच्या अंगचें तेल रोगणास नीट धरूं देत नाहीं. (मुंबईच्या गोदींत सागाचें बांधून 1817 सालीं पाण्यांत सोडलेलें ‘ट्रिंकोमाली’ जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. तें सागाच्या गुणावर, रोगणाच्या नव्हे!) पहिला थर निम्मा टर्पेंटाईन मिसळून, लांकडांत मुरेल असा, दुसऱ्यांत चौथा हिस्सा, मग दोन थर जसेच्या तसे. मध्यंतरीं प्रथम 220 व पुढें 320 नंबरच्या पॉलिशकागदानें घासणें. दुपारीं तीनच्या पुढें ब्रश बंद. कारण दंव पडूं लागलें, कीं ओलें रोगण मंद होतें.

एक गोष्ट मात्र थोडक्यांत सांगून चालणार नाहीं. टर्पेंटाईनची वाफ हवेपेक्षां जड असते आणि होडीच्या तळाशीं सांचते. तेथें एक ठिणगी पुरे. ठिणगी नसली तरी खालीं वांकून काम करणाराला घेरी येते आणि वर कोणाला कळतहि नाहीं. म्हणून झडपा उघड्या, बाहेरची ताजी हवा आंत ढकलणारा पंखा वर बाहेर ठेवलेला, बॅटरीची तार सोडलेली, आणि आंत एक मनुष्य असेल तर वर एक मनुष्य, असा नियम केला. तेलाचीं फडकीं चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. जवसाचें तेल वाळतांना उष्णता सोडतें, आणि ढिगांतलीं फडकीं काडी न लावतां पेट घेतात. एकेक फडकें उघड्यावर दोरीला पसरून वाळवावें. घरीं दारांना तेलपाणी करणारांनींहि हें विसरूं नये.

काम त्याच पोरानें केलें. या वेळीं हातमोजे मीं स्वतः नेले होते. त्यानें ते घालण्यापूर्वीं उलटे करून आंत पाहिलें, आणि मग माझ्याकडे पाहिलें. मीं मान खालीं घातली.

पुढच्या श्रावणांत आम्ही दोघे मिळून होडी पाहावयास गेलों. बाहेर धो धो पाऊस चालला होता. किटलीखालीं डाग नव्हता. पेटी उघडली तर ओल्या दोरांचा वास आला, रोगणाचा नाहीं. शिडीच्या खालच्या पायरीच्या कडेला मात्र नखाएवढ्या जागेचें तेज गेलेलें होतें. पोरानें बोट फिरवून तें मला दाखविलें आणि खिशांतून पॉलिशकागदाचा तुकडा काढला.

“आतां नको,” मीं म्हटलें, “दसऱ्यानंतर.”

त्यानें कागद पुन्हां खिशांत ठेवला आणि त्या जागेभोंवतीं पेन्सिलीनें एक बारीक रेघ ओढली.